पात्याला विचारा

त्या मेलेल्या अळ्या आधी मी पाहिल्या होत्या. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

चिखलदऱ्याच्या आमच्या कॉफीच्या मळ्यात, पाण्याच्या हौदाशेजारी एक जुना सिल्व्हर ओक होता. त्याच्या बुंध्यावर पंधरा-वीस केसाळ सुरवंट काळे पडून लोंबत होते. सप्टेंबर संपत आला होता आणि बाकी सगळ्या मळ्यात त्यांच्या भाऊबंदांनी उच्छाद मांडला होता. कॉफीच्या झाडांना पानं नव्हती, नुसत्या शिरा उरल्या होत्या. मी काठीनं ते मेलेले सुरवंट खाली पाडले, बुटानं बाजूला सारले आणि पुढे निघालो.

"थांबा! पाय नका देऊ."

मागून कुंदा आली. कुंदा माझी बायको. अमरावतीहून बी.एस्सी. झालेली, मळ्याच्या ऑफिसात फळांची प्रत तपासायच्या कामाला. मी मळ्याचा सुपरवायझर. दुपारचा डबा ती मला हौदावर आणून द्यायची. त्या दिवशी तिनं डब्यातल्या पोळ्या माझ्या हातात ठेवल्या, भाजी पोळीवर ओतली आणि रिकाम्या डब्यात काडीनं सुरवंट गोळा करायला बसली.

"काय करून राह्यली तू? मेलेले सुरवंट डब्यात भरते?"

"अहो, एकाच झाडावरचे का मेले? बाजूच्या झाडावरचे तर मजेत खातायत."

"मेले तर मेले. बरंच झालं ना आपल्याले."

"बरं झालं हो, पण कोणी केलं?"

मी पोळी खाल्ली. तो डबा मात्र मी पुन्हा कधी वापरला नाही.

मॅनेजर नाफडे साहेबांनी तिला औषधांच्या गोदामाशेजारची एक खोली दिली. अचलपूरच्या कॉलेजातून एक जुनी दुर्बीण आली, म्हणजे सूक्ष्मदर्शक. पण मळ्यात सगळे तिला दुर्बीणच म्हणायचे. कुंदानं ते सुरवंट खलात वाटले, पाण्यात कालवले आणि ते पाणी तापवलं.

"एवढं तापवलं की बाकीचे सगळे जंतू मरतात," ती मला सांगायची. "जो मरत नाही, जो बीसारखा कडक होऊन तग धरतो, तो आपला."

हा आपला जंतू कुठून आणलेला नव्हता. आमच्याच मातीत, आमच्याच पानांवर होता. त्याला वाढवायला बटाट्याचं पाणी आणि गूळ लागायचा, आणि ते पाणी आधी निर्जंतुक करायला कुकर लागायचा. कुकर घरात एकच होता. वर्षभर आमच्या घरी वरण शिजलं नाही. पिठलं-भाकरी, भाकरी-पिठलं. कुकरची शिट्टी झाली की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि झाकण उघडलं की आत बाटल्या.

एका सकाळी ती धावत हौदावर आली. पायात चपला नव्हत्या.

"खाणं थांबवलं! कालपासून एक पान खाल्लं नाही त्यांनी. बरणीतल्या सगळ्या सुरवंटांनी, पानांना आपले जंतू लावल्यापासून!"

त्या दिवशी मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी म्हणालो, "मग आता वरण कधी होईल?"

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.

आता माझं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा माणूस मूळचाच खडूस. त्या मळ्यात माझाही एक मान होता. कॉफीच्या पानांवर तांबेरा पडू नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद आणि चुना वेगवेगळा भिजवायचा, मग एकत्र करायचा. चुना कमी पडला तर मोरचूद पान जाळतं. ते प्रमाण जमणं सोपं नाही. माझ्या हाताखाली तीस कोरकू बायका होत्या, त्यांना मी एकच शिकवलं होतं. लोखंडी चाकू घासून चकचकीत करायचा, मिश्रणात बुडवून एक मिनिट धरायचा. पातं पांढरं राहिलं तर फवारा. पात्यावर तांबूस पुट चढलं तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाला.

"मिश्रण डोळ्याले फसवते," मी सांगायचो. "पात्याले विचारा."

लग्नाच्या पहिल्या वर्षी कुंदालाही मी हेच शिकवलं होतं. हौदाच्या कट्ट्यावर बसून, तिचा हात धरून. तेव्हा ती म्हणाली होती, "कॉलेजात चार पानं लिहून दिली होती यावर. तुमचं एका चाकूत झालं." ते वाक्य मी किती दिवस खिशात घेऊन फिरलो.

कर्नाटकातल्या संशोधन केंद्रातून दर वर्षी डॉक्टर मुत्तण्णा यायचे. उंच माणूस, मिशा पांढऱ्या, आमच्याशी हिंदीत बोलायचे. आले की आधी माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. "तेजराव, अपना चाकू दिखाओ," म्हणायचे आणि सोबतच्या पाहुण्यांना माझी परीक्षा दाखवायचे. मी वर्षभर त्या दिवसाची वाट बघायचो.

त्या वर्षी ते आले आणि सरळ कुंदाच्या खोलीत गेले. दोन तास बाहेर आले नाहीत. मी चाकू घासून हौदावर बसलो होतो. शेवटी सगळे बाहेर आले. डॉक्टरांसोबत दोन नवे अधिकारी होते. नाफडे साहेबांनी माझ्याकडे बोट करून त्यांना सांगितलं, "हे आमच्या कुंदाबाईंचे मिस्टर."

अकरा वर्षं मी त्या मळ्यात होतो. कुंदा चार.

"तेजराव!" डॉक्टर म्हणाले. "आपके घर में तो साइंटिस्ट है!"

"हाव साहेब," मी म्हणालो. चाकू त्यांनी मागितला नाही.

ठरलं असं, की दसऱ्यानंतर पाऊस थांबला की वीस ओळींवर कुंदाचं जंतूंचं पाणी फवारायचं. पाच दिवसांनी डॉक्टर मोजायला येणार. सुरवंट मेले तर पुढच्या वर्षी सगळ्या मळ्यात तेच, आणि कुंदाला दोन वर्षांच्या ट्रेनिंगसाठी कर्नाटकात नेणार.

"दोन वर्षं?" मी घरी विचारलं.

"तुम्हीही चला ना. तिथे काय कॉफी नाही?"

"तिथं मी कोण? कुंदाबाईंचा मिस्टर?"

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "असं काय बोलता? तुम्हाला वाईट वाटलं होय?"

"मले कशाचं वाईट वाटते!"

वाटत होतं. आत नुसता जळत होतो. रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात, की ते सुरवंट मी काठीनं पाडले होते. माझ्या बुटाखाली होते. मी वाकलो असतो तर? पण वाकून केलं काय असतं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि तिला होतं. हेच सहन होत नव्हतं.

मळ्यात एकटा मीच असा. बाकी सगळे तिच्यावर खूश. सुकमनी बेठेकर नावाची फवारणीच्या पंपावरची मुख्य बाई होती, ती तर कुंदाला येता-जाता हात लावून पाया पडायची. त्याआधी सुरवंटांवर आम्ही विषारी पावडर मारायचो. पावडर मारली की सुकमनीला चक्कर यायची, दोन दिवस अन्न पोटात ठरायचं नाही.

"बाई, तेरा पानी अच्छा है," ती म्हणायची. "हात नहीं जलता. गुड का बास आता है."

फवारणीच्या दिवशी कुंदानं ते गुळाचं गढूळ पाणी मोठ्या ड्रमात तयार केलं. ऊन लागलं की हे जंतू मरतात, म्हणून चारनंतर फवारायचं होतं. नेमकं नाफडे साहेबांनी तिला साडेतीनला ऑफिसात बोलावलं.

"तुम्ही बघाल ना?" ती म्हणाली. "बायकांना नका सांगू पंप भरायला. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची भीती वाटते मला."

"जा तू. बघतो मी."

ती गेली. बायका अजून वरच्या प्लॉटवरून उतरत होत्या. गोदामाचं दार उघडं होतं. मोरचुदाची पिंपं माझ्याच ताब्यात असायची. घरचं पीठ घ्यावं तितक्या सहज मी एक पसा मोरचूद पाण्यात विरघळवलं आणि ड्रमात ओतलं. मोरचूद जंतू मारतं, एवढं मला माहीत होतं. निळा रंग त्या गुळाच्या पाण्यात दिसलासुद्धा नाही. मुद्दाम केलं का? हो, मुद्दाम केलं. एवढंच मनात होतं, की पाच दिवसांनी सुरवंट जिवंत असावेत. डॉक्टरांनी तिला म्हणावं, असू दे, पुढच्या वर्षी बघू. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवावा.

वीस ओळी फवारून झाल्या. तळाशी बादलीभर पाणी उरलं, ते ड्रमात तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी पानं करपली.

कडेनं काळी, मधे तपकिरी, हात लावला की चुरा. वीसच्या वीस ओळी. मी मळ्याच्या वरच्या टोकावरून पाहिलं आणि तिथूनच ओळखलं. चुन्याशिवाय मोरचूद पान जाळतं. तीस बायकांना हजारदा सांगितलेली गोष्ट. ती मी, तेजराव इंगोले, विसरलो होतो. हेव्यापायी माझी कलाच माझ्या डोक्यातून निघून गेली होती.

खाली गलका झाला. बायका ओळींच्या बाहेर उभ्या राहून बघत होत्या. सुकमनी पदर तोंडाशी धरून उभी होती. कोणीतरी म्हणत होतं, जंतू सुटले, आता माणसालाही खातील.

कुंदा एका ओळीत उभी होती. तिनं एक पान तोडलं, उन्हात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग दुसरं. असली पानं तिनं आधी पाहिली होती. पहिल्याच वर्षी मी तिला एक दाखवलं होतं, चुना कमी पडला की काय होतं ते कळावं म्हणून.

ती हौदाकडे चालत आली. मी खाली उतरून तिच्या मागोमाग. ड्रमाचं झाकण तिनं काढलं आणि माझ्याकडे हात पसरला.

"तुमचा चाकू द्या बरं."

"कायले?"

"द्या तर."

दिला. नाही कसं म्हणणार? तिनं पातं ड्रमातल्या पाण्यात बुडवलं. ओठ हलत होते, ती साठ आकडे मोजत होती. मी मोजत नव्हतो, मला माहीत होतं. मग तिनं चाकू वर काढला. पातं तांबूस झालं होतं, तांब्याच्या नव्या पैशासारखं.

तिनं ते बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं. मग मूठ माझ्याकडे करून चाकू परत दिला. पातं पुसलं नाही.

"परवा डॉक्टर यायचेत," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. ताटात वरण-भात होता. वर तूप. तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि आत निघून गेली. वर्षभर ज्या वरणासाठी मी कुरकुरलो, ते त्या दिवशी ताटातच राहिलं. ओरडली असती, ताट फेकलं असतं तर बरं झालं असतं. वाढलं, हेच वाईट.

तिनं मला एक दिवस दिला होता. परवा म्हणजे परवा; मधला अख्खा दिवस. त्या दिवसात मी काय केलं ते सांगतो. सकाळी उठून ड्रम उपडा केला, तीन पाण्यांनी धुतला आणि उन्हात पालथा घातला. मग राखेनं चाकू घासला.

डॉक्टर आले. नाफडे साहेब, ते दोन अधिकारी, मागे सुकमनी आणि बायका. डॉक्टर ओळीत शिरले, पानं पाहिली.

"बैक्टीरिया पत्ता नहीं जलाता," ते म्हणाले. "कुछ मिला था क्या इसमें? पंप किसने भरा?"

"यांनी," कुंदा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज अगदी साधा होता, शेजारणीला साखर मागावी तसा. "अहो, डॉक्टर साहेबांना दाखवा ना तुमची परीक्षा. चाकू आहे ना जवळ? ड्रमात तळाला थोडं उरलंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. आज इतक्या वर्षांनी सांगतो, तिला मला पकडून द्यायचं नव्हतं. पकडायचं असतं तर ती स्वतः बोलली असती. तिनं दार उघडं धरलं होतं. मी आत यायचं होतं, बस.

मी चाकू काढला. "ड्रम तं धुवून टाकला मी," मी म्हणालो. "काही मिसळलं नाही साहेब. जसं दिलं तसं मारलं."

कुंदानं माझ्या हातातल्या चाकूकडे पाहिलं. पातं आरशासारखं चमकत होतं.

"पातं घासलंत वाटतं," ती म्हणाली.

दुसऱ्या कोणाला त्यात काही कळलं नाही.

नाफडे साहेबांनी तिथल्या तिथे खोली बंद करायला सांगितली. ट्रेनिंगचं कोणी नावच काढलं नाही. डॉक्टर जीपकडे निघाले, तेव्हा कुंदा त्यांच्यामागे गेली. मी लांब होतो, पण ऐकू आलं.

"माझ्याकडे सहा बाटल्या आहेत, सर. ट्रेनिंग नको. बाटल्या धुवायला ठेवा मला तिथे. पण पुन्हा फवारून बघा."

डॉक्टर जीपच्या दारापाशी वळले. मग म्हणाले, "आ जाओ."

आठवड्यानं परतवाड्याची एसटी पकडायला मी तिला सोडायला गेलो. एक ट्रंक आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेल्या बाटल्या. कुकर तिनं मला ठेवला होता. गाडी सुटता सुटता मी म्हणालो, "कुंदा, माह्यं चुकलं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही ते मला नव्हतं सांगायचं. डॉक्टरांना सांगायचं होतं."

नोव्हेंबरात पुन्हा पावडर आली. मीच सुकमनीच्या हातात डबा दिला. तिनं नाकाला पदर बांधला आणि विचारलं, "बाई कब आयेगी, बाबू?"

पहिली दोन वर्षं कुंदा दिवाळीला आली. चार दिवस राहायची, घर झाडून पुसून ठेवायची, भांडायची नाही. मग येणं थांबलं. लोक विचारायचे, तर सांगायचो, ट्रेनिंगला गेली आहे. ते ट्रेनिंग अजून संपलेलं नाही.

मी रिटायर होऊन परतवाड्यात राहतो. मागे संत्र्याची वीस झाडं आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पानांवर अळ्या पडल्या. कृषी सेवा केंद्रातल्या पोरीनं एक पुडी दिली. "काका, हे मारा, जंतूंचं आहे. बायांची एक सोसायटी बनवते. माणसाले काही करत नाही."

घरी येऊन चष्मा लावला. आत एक मराठी कागद होता. ऊन उतरल्यावर फवारावे. पंप स्वच्छ धुवावा. खाली शेवटची ओळ:

'मोरचुदाच्या भांड्यात कालवू नये. शंका असेल तर चकचकीत लोखंडी चाकू एक मिनिट बुडवून पाहावा. मिश्रण डोळ्याला फसवते. पात्याला विचारा.'

कागदावर नाव कोणाचंच नव्हतं. तिचं नाही, माझंही नाही. पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. वाटलं, माझं वाक्य आहे हे, आणि छापलं तिनं! इतक्या वर्षांनीसुद्धा आधी हेवाच वर आला. मग ती ओळ पुन्हा वाचली. किती गावांत, किती बायकांच्या हातात माझं वाक्य तिनं पोचवलं होतं. माझ्या हातून तर ते तीस बायकांपलीकडे कधी गेलं नाही.

मी बादलीत पुडी कालवली. गढूळ पाणी, गुळाचा वास. घरात मोरचूद नाही, पंपही नवा. तरी पाट्यावर चाकू घासला, पातं बुडवलं आणि ओठ हलवत साठ आकडे मोजले.

पातं पांढरंच राहिलं. चार वाजायला अजून अवकाश होता. मी बादलीवर ओलं पोतं झाकलं आणि ऊन उतरायची वाट बघत बसलो.